डेंटल अ‍ॅनाटॉमीच्या प्रात्यक्षिकाची तयारी : बीडीएस प्रथम वर्ष

दातांच्या रचनेच्या या प्रात्यक्षिक परीक्षेत दात ओळखणे, मेणात दात कोरणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड ओळखणे ही तिन्ही कामे हाताची आणि डोळ्यांची आहेत, त्यामुळे केवळ आकृत्या पाठ करून त्यांची तयारी होत नाही. परीक्षेच्या निदान दीड-दोन महिने आधी खरे दात जवळ असावेत, आणि ते ओळखीच्या दंतवैद्याकडून मिळवताना आधी शुद्धीकरणाची व्यवस्था करून ठेवावी. काढलेल्या दातांवर रुग्णाचे रक्त असते. ते नुसत्या पाण्याने धुऊन अभ्यासाच्या टेबलावर मांडणे धोक्याचे आहे. हातमोजे घालून दात घासून स्वच्छ करावेत आणि चांदी (म्हणजे पारा मिसळलेले अमलगम) न भरलेले दात ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला ४० मिनिटे ठेवावेत. चांदी भरलेला दात मात्र ऑटोक्लेव्हमध्ये कधीही घालू नये, कारण तापल्यावर त्यातून पाऱ्याची वाफ सुटते. असे दात १० टक्के फॉर्मलिनमध्ये (जंतुनाशक द्रावणात) दोन आठवडे बुडवून ठेवावेत.

दात ओळखताना क्रम मोडू नये. आधी पटाशीचा दात, सुळा, उपदाढ की दाढ हे ठरवावे, मग वरचा की खालचा, मग त्या गटातला कितवा, आणि सर्वांत शेवटी उजवा की डावा. बहुतेक विद्यार्थी घाईने बाजूपासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. बाजू ठरवताना एकाच खुणेवर विसंबू नये. सर्व्हायकल लाइनचा (दाताच्या मानेवरच्या रेषेचा) बाक मेझियल, म्हणजे मध्यरेषेकडच्या, बाजूला अधिक असतो, मुळाचे टोक बहुधा डिस्टल, म्हणजे मध्यरेषेपासून दूरच्या, बाजूला झुकलेले असते आणि पुढच्या दातांत मेझियल कोपरा अधिक टोकदार असतो. यांपैकी दोन खुणा जुळल्याखेरीज उत्तर लिहू नये. वयस्क रुग्णांचे, विशेषतः वर्षानुवर्षे मिश्री लावणाऱ्यांचे दात इतके झिजलेले असतात की कस्प (चावण्याच्या पृष्ठावरचे उंचवटे) शिल्लकच राहत नाहीत, आणि तेव्हा मुळावरूनच ओळखावे लागते. म्हणून आपल्या संग्रहात चार-दोन झिजलेले दात मुद्दाम ठेवावेत.

वरच्या पहिल्या उपदाढेला वेगळा वेळ द्यावा, कारण नियम मोडणारा दात म्हणून परीक्षक तो आवर्जून पुढे करतात. सुळ्यात आणि इतर उपदाढांत बक्कल (गालाकडच्या) कस्पचा मेझियल उतार आखूड असतो, या दातात तोच लांब असतो. डोळे मिटून मेझियल पृष्ठावरून अंगठ्याचे नख क्राउनकडून (हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागाकडून) मुळाकडे न्यावे. मानेजवळचा खोलगट भाग नखाला स्पष्ट लागतो. पुढे क्लिनिकमध्ये याच खळग्यात प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचतो आणि दात भरताना त्याभोवती लावायची पट्टी, म्हणजे मॅट्रिक्स बँड, नीट बसत नाही, हे एकदा समजले की ती खूण विसरत नाही. खालच्या पहिल्या दाढेचे पाच कस्प आणि दोन मुळे, वरच्या पहिल्या दाढेची तीन मुळे आणि चावण्याच्या पृष्ठावरची तिरकी कड (ऑब्लिक रिज) यांचाही असाच हाताने सराव करावा.

दातांना क्रमांक देण्याची एफडीआयची (जागतिक दंतवैद्यक संघटनेची) दोन अंकी पद्धत तोंडात बसली पाहिजे. पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश सांगतो, दुसरा मध्यरेषेपासून कितवा दात ते. वरचा उजवा सुळा म्हणजे ‘एक-तीन’, त्याला ‘तेरा’ म्हणू नये. कायमच्या दातांना १ ते ४ आणि दुधाच्या दातांना ५ ते ८ हे पहिले अंक असतात, आणि रुग्णाची उजवी बाजू समोर उभ्या असलेल्या आपल्या डावीकडे येते. हे क्रमांक केवळ परीक्षेपुरते नाहीत. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी, एकही दुधाची दाढ न पडता, त्यांच्या मागे उगवते. तिला कीड लागली तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे पालक सहज म्हणतात, आणि आयुष्यभराची दाढ हातची जाते. मध्यरेषेपासून मोजत गेल्यास सहावा दात नेहमी कायमचा असतो, हे विद्यार्थ्याला झोपेतही सांगता आले पाहिजे.

मेणकामासाठी मापे पाठ असावीत. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताच्या क्राउनची उंची १०.५ मिमी, मुळाची लांबी १३ मिमी आणि मेझियोडिस्टल (मेझियल ते डिस्टल) रुंदी ८.५ मिमी धरतात. ब्लॉकवर समोरची आणि बाजूची अशा दोन्ही बाह्यरेषा आखून त्या पूर्ण कोरल्याशिवाय कडा गोल करू नयेत, आणि आकार जमण्यापूर्वी कापडाने चकाकी आणण्यात वेळ घालवू नये. चकाकी आणल्याने सर्व्हायकल लाइनची चूक झाकली जात नाही. एक दात किमान दहा वेळा, घड्याळ लावून कोरावा.

स्लाइडसाठी एवढे पुरे : डीकॅल्सिफाइड सेक्शनमध्ये (आम्लाने खनिज काढून घेतलेल्या कापात) इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, उरत नाही, कारण वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला तो थर आम्लात विरघळून जातो, म्हणून इनॅमलच्या रेषा ग्राउंड सेक्शनमध्येच (दात घासून पातळ केलेल्या कापात) पाहाव्यात.

आदल्या रात्री लेक्रॉन कार्व्हरला (मेण कोरण्याच्या हत्याराला) धार लावून ठेवावी. मेणाचे दोन ब्लॉक, डिव्हायडर, मिलिमीटरची पट्टी, एप्रन आणि सुती कापड एकत्र बांधावे, आणि उन्हाळी सत्र असेल तर मेणाचा डबा दुचाकीच्या डिकीत न ठेवता हातात घेऊन जावे, कारण एकदा मऊ पडलेला ब्लॉक धारेखाली नीट कापला जात नाही.