अमेरिकेतले गाव मिडवेस्टचे की साउथचे, हे कसे ओळखावे

भाची नोकरीसाठी इंडियानाच्या दक्षिण टोकाला, इव्हान्सव्हिलला गेली, की दादरच्या घरात नकाशा उघडला जातो आणि हे गाव मिडवेस्टचे (उत्तर-मध्य भागातील राज्यांचे) की साउथचे (दक्षिणेकडील राज्यांचे), असा वाद रंगतो. जनगणना खात्याच्या वर्गवारीत इंडियाना, इलिनॉय आणि मिसूरी मिडवेस्टच्या 12 राज्यांत येतात, तर केंटकी साउथमध्ये. ही नोंद ध्यानात घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये.

प्रथम ओहायो नदी शोधावी. 1787 च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सने तिच्या उत्तरेला गुलामगिरीस मनाई केली आणि दक्षिण तीरावरील केंटकीत मात्र ती 1865 पर्यंत टिकली, म्हणून ही नदीच सीमा मानली जाते.

यानंतर वस्ती कोठून आली ते पाहावे. माझ्या मते हीच खरी कसोटी आहे. गिरणगावातील चाळीत कोण कोकणातले आणि कोण साताऱ्याकडचे, हे वॉर्डाच्या हद्दीवरून कधी कळत नसे. ते बोलण्यावरून आणि ताटावरून कळे. तसेच दक्षिण इंडियाना आणि दक्षिण इलिनॉयमधील आरंभीची पुष्कळ कुटुंबे केंटकी, टेनेसी, व्हर्जिनियाकडून आलेली होती; लिंकनचे कुटुंबही 1816 साली केंटकी सोडून इंडियानात आले होते. मिसूरीच्या मध्यभागी तर केंटकी-व्हर्जिनियाच्या शेतकऱ्यांनी गुलामांसह वसाहत केली आणि त्या पट्ट्याला ‘लिटल डिक्सी’ हे नाव पडले (‘डिक्सी’ हे साउथचे टोपणनाव), जरी ते राज्य अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेतील बहुतेक राज्यांप्रमाणे संघराज्यातून फुटले नाही.

व्हिडिओ कॉलवर भाचीच्या शेजाऱ्यांचे बोलणे कान देऊन ऐकावे. अनेकांना उद्देशून ‘यॉल’ (‘यू ऑल’चे साउथकडचे रूप) म्हणतात की ‘यू गाइज’? ‘पिन’ आणि ‘पेन’ यांचा उच्चार एकसारखा होतो का? तसा होत असेल, तर बोली दक्षिणेकडे झुकलेली समजावी. चहाचीही चौकशी करावी : साउथमध्ये बर्फाचा चहा बहुधा आधीच गोड करून येतो, जे कटिंगवर वाढलेल्या माणसाला फारसे खटकू नये.

उत्तर मिश्र निघाले, तर ते तसेच मान्य करावे. केंटकीतील फ्लॉरेन्स हे सिनसिनाटीच्या उपनगरांत मोडते आणि तेथील अनेक लोक नदी ओलांडून ओहायो राज्यात कामाला जातात, जसे वाशीकर खाडीपुलावरून मुंबईत येतात. तेथील पाण्याच्या टाकीवर ‘फ्लॉरेन्स मॉल’ असे रंगवले होते. मॉल अजून उभाच राहिला नसल्याने ती जाहिरात नियमबाह्य ठरली, तेव्हा 1974 साली खर्च वाचवण्यासाठी केवळ एक अक्षर बदलून तिचे ‘फ्लॉरेन्स यॉल’ करण्यात आले.