जॉबवर्कचा रेट काढायचा कसा : उद्यमनगरच्या एका टर्नरची वही

जॉबवर्क म्हणजे गिऱ्हाइकाचा कच्चा माल घेऊन मजुरीवर मशीनकाम करून द्यायचं. माझी पहिली मोठी ऑर्डर ३,००० पुलींची होती. साल २०१२. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याची अर्धी शेड, एक जुना सहा फुटी लेथ, एक ड्रिल आणि हाताखाली एक पोरगा. पार्टीने विचारलं, "किती लावणार?" शेजारचा नगाला २६ रुपयांनी करतो हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो २४. माझं कॉस्टिंग ते एवढंच.

तीन महिन्यांनी हिशोब मांडला. मजुरी आली ७२,००० रुपये. ऑपरेटरचा पगार २४,०००, भाडं १२,०००, वीज साडेदहा हजार, कापायच्या टिपा आणि हत्यारं ९,०००, टेम्पो साडेसात हजार. वर ३८ पुलींचा बोअर (मधलं भोक) मोठा झाला म्हणून २१० रुपये नगाप्रमाणे डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) आली, ७,९८० रुपयांची. सगळं वजा जाता उरले १,०२० रुपये. त्यात माझा पगार धरलेला नाही. रात्री साडेदहापर्यंत मशीनवर मीच उभा असायचो, त्याचे शून्य.

आयटीआयला टर्नर ट्रेडमध्ये धागा कसा पाडायचा ते शिकवलं. रेट कसा पाडायचा ते कुणी शिकवलं नाही. माझा भाचा आता स्वतःचं सुरू करतोय, त्याला समजावून सांगताना हे लिहीत गेलो. काम नाही म्हणून बंद पडलेल्या शेड मी थोड्याच बघितल्या. रात्रपाळी चालू, दारात टेम्पो उभा आणि तरी सहा महिन्यांत कुलूप, अशा मात्र बऱ्याच.

आधी मशीनचा तासाचा दर काढा. नगाचा दर त्याच्यानंतर. आकडे माझ्या एका सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) टर्निंग मशीनचे देतो, तुम्ही तुमचे घाला. मशीन चक, स्टॅबिलायझर धरून २२ लाखांना पडलं. ४ लाख घरचे, १८ लाख कर्ज, पाच वर्षं, १० टक्के. हप्ता ३८,००० च्या आसपास. ऑपरेटर बोनस धरून २२,०००. शेडच्या भाड्यातला या मशीनचा वाटा ८,०००. वीज १२,०००. कूलंट, तेल, किरकोळ दुरुस्ती ६,०००. अकाउंटंट, फोन, चहा, पेट्रोल ६,०००. आणि माझा पगार १८,०००. हा शेवटचा आकडा लिहिताना आपल्याकडे हात आखडतो. मालकाने कसला पगार घ्यायचा? पण उद्या तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या जागी माणूस ठेवावा लागेलच ना, तो फुकट येणार आहे का? एकूण झाले १,१०,०००.

आता तास. २६ दिवस गुणिले ८ म्हणजे २०८. या २०८ ने भागलं की ५२९ रुपये येतात आणि गडी खूश होतो. पण २०८ तास चिप पडत नसते, म्हणजे मशीन कापत नसतं. सेटिंग बदलायला दीड तास जातो, कास्टिंग (ओतलेला कच्चा नग) वेळेवर येत नाही, लाईट जाते, ऑपरेटरच्या गावात जत्रा असते. मी वर्षभर मशीनशेजारी एक वही टांगली आणि स्पिंडल (नग फिरवणारा दांडा) किती तास फिरला तेवढंच लिहायला लावलं. सरासरी आली १५०. म्हणजे खरा दर ७३३ रुपये तास. या दराने मला काम कोण देणार?

म्हणून दुसरी पाळी. हप्ता तोच, भाडं तेच, माझा पगार तोच. फक्त आणखी एक ऑपरेटर २२,०००, वीज १०,०००, तेल-कूलंट ४,०००. एकूण १,४६,०००, तास ३००, दर ४८७. त्यावर १२ टक्के नफा धरून मी ५५० लावतो. सीएनसी कर्जावर घेऊन एकाच पाळीत चालवायचं मनात असेल, तर ते मशीन घेऊच नका. जुना लेथ बरा.

भाच्याने इथे मला अडवलं. "मामा, माझं मशीन बाबांचं आहे, हप्ता फिटलाय. मग ते ३८,००० मी कशाला धरू?" धर बाबा. हे मशीन सात-आठ वर्षांनी ढिलं होईल, स्लाईड झिजेल, तेव्हा नवीन कुठनं आणणार? हप्ता फिटला म्हणून रेट खाली आणणारा माणूस मशीनच विकून खात असतो, थोडं थोडं करून. निदान २०,००० तरी बाजूला काढ, वेगळ्या खात्यात.

तासाचा दर हातात आला की नगाचा सोपा. एक कास्ट आयर्न पुली घ्या. सायकल, म्हणजे एका नगाचं मशीनकाम, ४ मिनिटं २० सेकंद, जॉब (नग) काढायला-लावायला ४० सेकंद. म्हणजे तासाला १२. वहीत मात्र १० च पडतात, म्हणून १० धरायचे. नगाला ५५ रुपये. इन्सर्ट, म्हणजे कापणारी टीप, ३०० रुपयांचा, चार कडा, एका कडेवर ६० नग. म्हणजे २४० नगांना ३०० रुपये, सव्वा रुपया नग. रफिंगला (आधीच्या जाड कापणीला) एक आणि फिनिशिंगला एक, मिळून अडीच. रिजेक्शन २ टक्के धरा. कास्टिंगची किंमत २६० असेल तर नगामागे ५ रुपये २० पैसे. टेम्पो १ रुपया ३०. झाले ६४. टेम्पो आणि रिजेक्शन हे दोन आकडे नवखा माणूस हमखास विसरतो, आणि त्याचा नफा बसलेला असतो नेमका तिथेच.

रिजेक्शनवर जरा थांबतो, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे याच भोकातून गेले. पुलीचा बोअर २५ एच७ (२५ मिलिमीटर, एच७ ही मापातल्या सुटीची प्रत) असेल तर सूट फक्त वरच्या बाजूला, २१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २१ हजारांश. माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. मशीनवरून नुकताच काढलेला जॉब गरम असतो. वीसेक अंश गरम असला तर पंचविसाचा बोअर पाच-साडेपाच मायक्रॉन मोठा दिसतो. ऑपरेटर बघतो, बरोबर वाटतं, ट्रेमध्ये टाकतो. गार झाल्यावर बोअर आवळतो आणि पार्टीकडे गो गेज (बोअरमध्ये जायलाच हवी अशी मापाची दांडी) आत जात नाही. उलटंही होतं, मोठा दिसला म्हणून ऑफसेट (मशीनमधलं मापाचं सेटिंग) कमी करायचा आणि पुढचे पन्नास नग घट्ट. आमच्याकडे नियम आहे, तळहाताला कोमट लागला तर जॉब लोखंडी प्लेटवर ठेवायचा आणि आधीचा, गार झालेला उचलून मोजायचा. पहिला नग, नंतर दर विसावा नग आणि कड बदलल्यावरचा पहिला नग, असं तीन वेळा मोजून कागदावर लिहायचं. लिहायचंच. तोंडी "मोजला" याला डेबिट नोटपुढे किंमत नाही.

दुसरं रिजेक्शन आपलं नसतं, फाउंड्रीचं असतं. वरून कास्टिंग गुळगुळीत, दोन मिलिमीटर काढलं की आत ब्लो होल (ओतताना राहिलेली हवेची पोकळी). आपले साडेचार मिनिटं गेलेले, इन्सर्ट झिजलेला. त्याची मजुरी मिळणार का? ऑर्डर घेताना कुणी विचारत नाही, कारण नव्या पार्टीपुढे तोंड उघडायला जड जातं. विचारा आणि पीओवर (खरेदी ऑर्डरच्या कागदावर) लिहून घ्या. मशीनिंग रिजेक्शन आपल्या माथी, कास्टिंग रिजेक्शनला मजुरी पूर्ण किंवा निदान अर्धी. ब्लो होलचे नग वेगळ्या रंगाने खुणा करून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि परतीच्या चलनावर (मालासोबत जाणाऱ्या कागदावर) वेगळे दाखवा. एका गिऱ्हाइकाकडे मी वर्षभर हे केलं नाही. वर्षाअखेरीस त्यांच्या स्टोअरने ११२ नग कमी दाखवले. नग त्यांच्याच भंगारात गेले होते, पण माझ्याकडे कागद नव्हता.

चलनाचं बोललो तर तेही सांगून टाकतो. कास्टिंग त्यांच्या मालकीचं असतं, आपण फक्त मजुरीचं बिल करतो. जीएसटीत जॉबवर्कसाठी आलेला माल वर्षाच्या आत परत जावा लागतो, नाहीतर देणाऱ्याच्या दृष्टीने तो पाठवला त्या दिवसाची विक्री धरला जातो. म्हणून मोठ्या कंपन्या शिल्लक मालासाठी मागे लागतात. दर महिन्याला आलेले, गेलेले, रिजेक्ट आणि शिल्लक, चार रकाने जुळवून त्यांच्या स्टोअरकीपरची सही घ्यायची. महिन्याला अर्धा तास जातो.

आता पैसे. बिल काढलं की जीएसटी भरायची तारीख येते, गिऱ्हाइकाने पैसे दिलेत का हे ती तारीख विचारत नाही. इथेच छोटा माणूस गुदमरतो. कामगाराला दर दहा तारखेला पगार, बँकेला पाच तारखेला हप्ता आणि आपले पैसे नव्वद दिवसांनी.

उद्यम नोंदणी (सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंद) पहिल्या आठवड्यात करा. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आहे, आधारवर होते, एक रुपया लागत नाही. कुणी एजंट पैसे मागत असेल तर उठून या. तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या दिवशी, पण कसंही झालं तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. लेखी काही नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

करता येते, पण चालू गिऱ्हाइकाविरुद्ध करणारा मला अजून भेटला नाही. तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजाऱ्याला. मला उपयोग झाला तो आयकराच्या कलमाचा, तेव्हाचं ४३बी(एच). २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेलं आपलं बिल कंपनीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, पैसे देतील त्या वर्षी धरता येतं. त्या मार्चमध्ये पहिल्यांदा एका कंपनीच्या अकाउंट्समधून मलाच फोन आला, "साहेब, तुमची थकबाकी किती?" मला साहेब म्हणाले! एरवी वर्षभर मी त्यांना म्हणत होतो.

तरी कायद्याच्या भरवशावर बसू नका. एका गिऱ्हाइकाचं काम एकूण कामाच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका. दोन महिन्यांचा पगार आणि हप्ता आधी बाजूला पाडा, मगच दुसरं मशीन बघा.

अनुदानाबद्दल भाचा फार उत्साहात होता. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) असेल, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम असेल, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, घ्या. पण पीएमईजीपीचं अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि युनिट चालू आहे हे बघून मग कर्जात वळतं होतं. अनुदान बसतंय म्हणून गरजेपेक्षा मोठं मशीन घेणं, हा आमच्या भागातला जुना आजार. विजेचंही आधी बघा. मंजूर भार २० किलोवॅटच्या वर गेला की महावितरणचा दरगट बदलतो, ते मशीन बुक करण्यापूर्वी कळलेलं बरं.

एवढं सगळं करून मिळतं काय, असं माझी बहीण विचारते. पोराने नोकरी करावी असं तिला वाटतं. तिला मी एका पुलीचा प्रवास सांगितला. लाकडाचा पॅटर्न करणारा सुतार, फाउंड्रीत साचा घालणारे, फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) बसणारे, टेम्पोवाला, माझे दोन ऑपरेटर, इन्सर्ट विकणारा, गेज तपासणारा, रंग मारणाऱ्या बायका, पेटीवाला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हे सगळे दहा-पंधरा किलोमीटरच्या आत सापडतात. हे काही एका दिवसात उभं राहिलं नाही. इथे ऊस होता, गुऱ्हाळं होती, विहिरींवर ऑइल इंजिनं होती. ती दुरुस्त करता करता मिस्त्री लोक भाग ओतायला शिकले, मग अख्खी इंजिनंच करू लागले. त्या ६४ रुपयांतले बहुतेक आजही याच गल्ल्यांत फिरतात. बहीण म्हणाली, "फिरू देत, पण तुझ्याकडे थोडे थांबतात का?" मी वही दाखवली.

भाचा परवा कोटेशन घेऊन गेला होता. ६४ मागितले, त्यांनी ५२ सांगितले. बाहेर येऊन मला फोन, "मामा, घेऊ का? सहा महिन्यांचं काम आहे." म्हटलं, त्यांचा चहा पी, सही करू नको, आणि वहीतला कुठला आकडा त्यांच्या अंगावर टाकता येतोय ते बघ. दीड तासाने पुन्हा फोन. ६० वर तुटलं. टेम्पो त्यांचा, ब्लो होलची मजुरी पूर्ण, पैसे ३० दिवसांत, तिन्ही गोष्टी पीओवर. पहिला ४०० नगांचा लॉट पुढच्या आठवड्यात येतोय. बोअर तपासायचा प्लग गेज कॅलिब्रेशनला टाकलाय, आणि नवीन वही मशीनशेजारी टांगलीय.