झरीला पहार लावण्याआधी: वाड्याच्या पाण्याच्या कामात या चुका टाळा

सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे. वीसेक वर्षं मी गोव्यातल्या या तालुक्यांतल्या वाड्यांवर, म्हणजे गावातल्या छोट्या वस्त्यांवर, पाण्याच्या कामासाठी फिरतो आहे. कधी युवक मंडळ बोलावतं, कधी महिलांचा स्वयंसाहाय्य गट, कधी बाहेरून आलेली एखादी संस्था. माणसं नवी असतात, चुका मात्र त्याच. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. म्हणून इथलं पाण्याचं काम म्हणजे त्या चार महिन्यांचं पाणी मे महिन्यापर्यंत पुरवणं. हे समजून न घेता जो खोदायला लागतो, तो वाड्याचं नुकसान करून जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

झर "मोठी" करायला जाणं

या चुकीवर मी जास्त बोलणार आहे, कारण ती पुन्हा दुरुस्त होत नाही.

सत्तरीतला एक वाडा, तीस घरं. सड्याच्या, म्हणजे वरच्या सपाट खडकाळ माळाच्या, पायथ्याशी झर, बारमाही. मे महिन्यात धार बारीक व्हायची आणि पहाटे चारपासून कळशांची रांग लागायची. एका मंडळाला एका कंपनीकडून पैसे मिळाले. मुलं चांगली होती, तळमळीची होती. पण त्यांना मार्चअखेर काम संपवायचं होतं, कारण कंपनीला त्याच आर्थिक वर्षात खर्च दाखवायचा होता. त्यांनी ब्रेकर आणला, झरीचं तोंड तीन फूट आत फोडलं आणि समोर सिमेंटची टाकी बांधली. पहिल्या आठवड्यात धार खरोखर जाड झाली. नारळ फुटला, फोटो निघाले. तिसऱ्या आठवड्यात तोंड कोरडं पडलं. पाणी पन्नास-साठ पावलं खाली, एकाच्या काजूच्या बागायतीत, ओल धरून पाझरायला लागलं होतं. मला बोलावलं ते त्यानंतर.

तिथल्या एका आजीने मला सांगितलं, "माझी सासू झरीच्या तोंडावरचं शेवाळसुद्धा खरवडू देत नव्हती. ह्यांनी दगडच फोडला." त्या सासूबाईंना जे कळत होतं ते असं. आपला सडा जांभ्या दगडाचा. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून खाली उतरतं आणि खालच्या चिकट, पांढुरक्या मातीच्या थरावर अडतं. तो थर जिथे उतारावर उघडा पडतो, तिथे झर फुटते. झरीचं तोंड म्हणजे त्या थराचा काठ. तो काठ फोडलात की पाणी आणखी खालची वाट शोधतं. मग वरून कितीही सिमेंट ओता.

आणि मूळ गरज काय होती? मी वाड्यावरच्या बायकांना आठवून सांगायला लावलं. मे महिन्यात पंधरा लिटरची बादली भरायला साधारण अडीच मिनिटं लागायची. म्हणजे मिनिटाला सहा लिटर, तासाला 360, दिवसाला 8640. तीस घरांत दीडशे माणसं. घरोघरी नळ देणारं केंद्र सरकारचं जलजीवन मिशन माणशी दिवसाला 55 लिटर धरतं, म्हणजे 8250 लिटर. झर पुरेशी होती! रात्री सगळे झोपलेले असताना वाहून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, मिळणारं पाणी तेवढं धरायला हवं होतं. तोंडाला हात न लावता, चार पावलं पुढे, धारेच्या पातळीखाली दहा हजार लिटरची टाकी, एवढंच काम होतं. ती झर पुन्हा वर आली नाही.

माझी सवय सांगतो. कोणी कितीही घाई केली तरी डिसेंबर ते जून, दर पंधरा दिवसांनी, त्याच बादलीने, त्याच जागी धार मोजायची. वहीत तारीख, बादली भरायला लागलेले सेकंद आणि मोजणाऱ्याचं नाव लिहायचं. मोजणारी व्यक्ती वाड्यातलीच हवी, शक्यतो पाणी भरणारी बाई. एक पूर्ण उन्हाळा वहीत उतरल्याशिवाय मी आराखड्याच्या कागदाला हात लावत नाही. ज्यांना एवढं थांबता येत नाही त्यांनी दुसरं काम बघावं असं मी तोंडावर सांगतो, आणि त्यामुळे दोन-तीन संस्था माझ्याशी बोलेनाशा झाल्या आहेत.

झरीचं पाणी सड्यावर मुरतं, हेही लक्षात ठेवा. खाली टाकी बांधून वर चिऱ्याची खण काढू दिलीत तर टाकीत पाणी येणार कुठून?

चावी, बिल आणि जबाबदारी एकाच माणसाकडे देणं

पेडण्यातल्या एका वाड्यावर विहिरीवर पंप बसवला. समिती अजून कागदावर नव्हती, म्हणून विजेची जोडणी सचिवाच्या नावावर घेतली. तो मुलगा हुशार होता, धावपळ तोच करायचा. दीड वर्षाने तो बोटीवर नोकरीला गेला. बिलं त्याच्या घरी येत राहिली आणि त्याच्या आईने ती बाजूला ठेवली. बिचारीला कोणी काही सांगितलंच नव्हतं. एप्रिलमध्ये जोडणी तोडली गेली. ऐन उन्हाळ्यात पंप बंद, थकलेली रक्कम भरायला कोणी पुढे येईना, आणि रिकामी कळशी घेऊन बायका पुन्हा व्हाळावर.

पहिल्या महिन्यापासून घरटी पट्टी घ्या. पन्नास रुपये असली तरी घ्या. "सुरुवातीला फुकट देऊ, मग बघू" असं म्हणणाऱ्या संस्थांवर माझा राग आहे. फुकटाची सवय लावून त्या निघून जातात आणि पट्टी मागणारा गावातला माणूस वाईट ठरतो. ओडिशातल्या ग्राम विकास या संस्थेची रीत मला पटते. गावातलं एकही घर बाहेर राहिलं तर काम सुरू होत नाही. शिवाय घरटी सरासरी हजार रुपये काढून गावाचा निधी बँकेत ठेवला जातो आणि त्याच्या व्याजातून पुढे नव्या घरांना जोडणी मिळते. आपल्याकडे सगळी घरं एकत्र आणायला मांडावर, म्हणजे गावाने एकत्र जमायच्या जागी, तीन-चार बैठका लागतात. त्या घ्या. भांडण व्हायचं असेल तर ते पाइप टाकण्याआधी होऊ दे.

पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असं जलजीवन मिशनचंच मार्गदर्शन आहे. सहीसाठी बायको आणि बैठकीला नवरा, असं चालवून घेऊ नका. मी अशी बैठक पुढे ढकलतो.

आता बाकीच्या चुका.

जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जागा कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा कागद, न काढता टाकीची जागा ठरवणं. गोव्यात झरीखालची जागा कोमुनिदादची (गावकीच्या सामाईक जमिनीची संस्था) असू शकते, देवस्थानची, भाटकाराची (जमीनदाराची) किंवा वनखात्याची. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं. त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय कुदळसुद्धा मारू नका. तोंडी "हो" वर विसंबलेली एक टाकी भावाभावांच्या वाटणीत अडकलेली मी पाहिली आहे.

परवानगी न घेता बोअरवेल मारणं. 2002 पासून गोव्यात भूजलाचा कायदा आहे, विहीर असो वा बोअर, आधी जलस्रोत खात्याकडे अर्ज करा. झरीच्या वरच्या अंगाला बोअर तर मागूच नका.

कंपनीचा पैसा मिळणार म्हणून सामान उधारीवर आणणं. 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 या अर्जाने सरकारकडे नोंदणी लागते. ती हातात येईपर्यंत दुकानदाराला शब्द देऊ नका. परदेशी देणगी एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही 2020 च्या दुरुस्तीपासून बंद आहे. मोठ्या संस्थेच्या आशेवर बसलेल्या लहान मंडळांनी हे आधीच विचारून घ्यावं.

वसंत बंधाऱ्याच्या, म्हणजे व्हाळावर फळ्या घालून पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, फळ्या उशिरा घालणं. पाऊस ओसरला की लगेच घाला, पावसाळ्याआधी काढा, आणि हे कोण करणार ते नाव लिहून ठेवा.

नळ आला म्हणून विहीर बुजवणं. 2022 मध्ये गोवा "हर घर जल" राज्य म्हणून प्रमाणित झालं, ही चांगलीच गोष्ट आहे. तरीही उन्हाळ्यात टँकर फिरतात. विहीर उपसा, गाळ काढा, कठडा नीट करा.

पाणी स्वच्छ दिसतं म्हणून न तपासणं. जांभ्यातल्या पाण्यात लोह असतं, भांड्यावर तांबूस डाग पडतो, तो दिसतो तरी. जंतू दिसत नाहीत. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की जंतू असले तर काळी पडणाऱ्या तपासणीच्या बाटलीत झरीचं पाणी भरून एक-दोन दिवस घरातच ठेवा. बाटली काळी पडली तर त्याच दिवसापासून वाड्यावर पाणी उकळून प्यायला सांगा, आणि झरीच्या वरच्या अंगाला गुरं कुठे बसतात, कोणाच्या संडासाचा खड्डा कुठे आहे, ते बघायला चढून जा.