स्पोर्ट्स कारचे टायर बदलताय? या चुका टाळा

टायर बदलायची वेळ आली की बहुतेक जण आधी ब्रँड ठरवतात. मिशलिन की पिरेली, यावर मित्रमंडळीत दोन तट पडतात आणि गाडीला नेमकं काय हवंय हा प्रश्न बाजूलाच राहतो. त्याचं निम्मं उत्तर गाडीखालीच असतं. जुने टायर कसे झिजलेत हे न बघता ते काढून देऊन मोकळं होणं, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

जुना टायर आतून बघितला का?

स्पोर्ट्स कारची चाकं, विशेषतः मागची, वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असतात. वळणावर पकड मिळावी म्हणून कंपनीच तसं ठेवते. त्याची किंमत टायरची आतली कड मोजते. बाहेरून बघितलं तर नक्षी चांगली चार-पाच मिलिमीटर दिसते, आणि चाक उतरवलं की आतल्या कडेला तारा बाहेर आलेल्या. पुढची चाकं स्टीअरिंग पूर्ण वळवून आतून बघता येतात, मागच्यांसाठी गाडी लिफ्टवरच घ्यावी लागते. तेवढा आग्रह धरा.

तारा दिसत नसतील तर तळवा नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. (दिसत असतील तर हात लावू नका, बोट कापतं.) एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे चाक सरळ न चालता रस्त्यावर किंचित घासत चाललंय. दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी राहत होती. उलट असेल तर जास्त. हे न बघता 'या कंपनीचे टायर टिकतच नाहीत' म्हणत ब्रँड बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. अलाइनमेंट तसंच राहिलं तर नवा संचही त्याच वाटेने जाणार.

साइडवॉलवरचे आकडे अर्धेच वाचणं

टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, लिहिलेलं २२५/४५ आर१७ एवढं पाठ असतं (२२५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ४५ टक्के बाजूची उंची, १७ इंची रिम). त्यापुढचं '९१वाय' कोणी वाचत नाही, आणि फसगत तिथेच होते. ९१ म्हणजे एका टायरची भार पेलायची क्षमता ६१५ किलो. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग, डब्ल्यू म्हणजे २७०, व्ही म्हणजे २४०.

समजा हीच गाडी तुम्ही १८ इंची रिमवर नेताय आणि २२५/४० आर१८ घेताय. व्यासाचा हिशेब जमतो: आधीचा टायर ६३४ मिलिमीटर, हा ६३७, फरक अर्ध्या टक्क्याचा. पण हाच साइज ८८ मध्ये मिळतो आणि ९२ एक्सएलमध्येही (एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोड, जास्त भार पेलणारा टायर). ८८ म्हणजे ५६० किलो, मूळ टायरपेक्षा ५५ किलो कमी. ९२ म्हणजे ६३०. दुकानात शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच दिसतात. इथे ९२ एक्सएलच घ्यायचा.

रुंद तेवढा भारी?

नाही. टोयोटाने २०१२ मध्ये ८६ ही स्पोर्ट्स कार आणली तेव्हा अनेक गाड्यांना २१५/४५ आर१७ मापाचे साधे मिशलिन प्रायमसी एचपी दिले होते. त्या गाडीची मजा पकडीच्या आकड्यात नव्हतीच, ती हलकेपणात आणि मर्यादेच्या आसपास गाडी काय करतेय हे कळण्यात होती. अशा गाडीला दोन माप रुंद टायर चढवले की चाक जड होतं, साचलेल्या पाण्यावर टायर लवकर तरंगतो, रस्त्यावरची प्रत्येक चाकोरी स्टीअरिंग ओढायला लागते. वर पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासणं वेगळंच.

व्यासही वाढतो. वरच्याच उदाहरणात २४५/४० आर१८ घेतला तर ६५३ मिलिमीटर, म्हणजे तीन टक्के जास्त. स्पीडोमीटरचा आकडा तेवढा मागे राहतो आणि गिअरिंग लांबल्यामुळे पिकअप मंदावतो. रुंदी वाढवायचीच असेल तर आधी तुमच्या रिमला ती चालते का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात बघा.

दोनच बदलले, बाकीचे चालतील

मागच्या चाकांवर ताकद येणाऱ्या गाडीत मागचे टायर आधी संपतात, त्यामुळे जोडीने बदलणं स्वाभाविक आहे. फक्त मॉडेलही तेच घ्या. पुढे एक आणि मागे दुसरंच रबर असलं की कोरड्या रस्त्यावर काही जाणवत नाही; ओल्या वळणावर एक टोक आधी सुटतं आणि ते कोणतं हे सुटल्यावरच कळतं.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे चारही चाकांवर ताकद येणाऱ्या गाडीत, हा प्रश्न खर्चिक होतो. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची ४ असेल तर व्यासात ८ मिलिमीटरचा फरक पडतो. ६५० मिलिमीटरच्या चाकाला हे दर किलोमीटरमागे साधारण १२ मीटर होतात. सरळ रस्त्यावरही पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळ्या गतीने फिरत राहतात, आणि मधला क्लच किंवा डिफरन्शियल तो फरक सोसत तापत राहतं. किती फरक चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. तिथली मर्यादा ओलांडली असेल तर चारही बदला.

पोर्शेसाठी एन०, एन१, बीएमडब्ल्यूसाठी चांदणीचं चिन्ह, मर्सिडीजसाठी एमओ अशा खुणा असलेले टायर त्या गाड्यांसाठी जुळवलेले असतात. खूण नसलेला त्याच नावाचा टायर वाईट असतो असं नाही, पण एकाच अॅक्सलवर दोन्ही मिसळू नका.

ट्रॅकचे टायर रोजच्या गाडीला

मिशलिनचा पायलट स्पोर्ट कप २ किंवा पिरेलीचा पी झिरो ट्रोफिओ आर ही नावं ऐकायला झकास वाटतात. पण त्यांची नक्षी नवी असतानाही उथळ, पाणी बाहेर टाकायला जागा कमी, आणि रबर तापल्याशिवाय खरी पकड नाही. ऑफिसला जाता-येता ते तापतच नाहीत. वर्षातून एखादा ट्रॅक डे (रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) होत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७ किंवा ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्टच्या पंगतीतला चांगला समर टायर घ्या. मात्र तापमान सात अंशांच्या खाली राहणाऱ्या ठिकाणी हेही रबर कडक होतं, तिथे हिवाळ्याचा वेगळा संच लागतो.

टायरवरचा 'ट्रेडवेअर' आकडा बघून आयुष्याची तुलना करणाऱ्यांना एवढंच: तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच जाहीर करते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत त्याचा उपयोग, दोन कंपन्यांत नाही.

नक्षी भरपूर, टायर म्हातारा

कमी चालणाऱ्या गाड्यांचं हे खास दुखणं. साइडवॉलवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, ते टायर कधी बनला ते सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं वापरात झाली की दरवर्षी तपासून घ्या, आणि नक्षी कितीही असो, दहा वर्षांपुढे टायर ठेवू नका. साइडवॉलवर बारीक भेगा दिसल्या तर दहाची वाट बघायची नाही. दुकानात 'नवा' म्हणून मिळणाऱ्या टायरचाही हा आकडा बसवण्याआधीच वाचा.

बसवल्यावर काहीतरी खटकतंय

दुकानातून निघण्याआधी एक फेरी मारा. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आहे का, बाण असेल तर तो पुढे फिरणाऱ्या दिशेने आहे का? चुका होतात, आणि तिथेच सुधारणं सोपं असतं.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा, नव्या टायरचा पृष्ठभाग घासला जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. ८० ते ११० च्या दरम्यान स्टीअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग परत करून घ्या. गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर सुरुवातीला थरथर होते आणि थोडं चालल्यावर थांबते असं असेल, तर टायर एका जागी चपटा बसला होता. गाडी एका बाजूला ओढत असेल तर लगेच अलाइनमेंटला पळू नका. आधी चारही चाकांतली हवा टायर थंड असताना दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. तरी ओढली तर पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलून बघा (दिशेचा बाण असलेल्या टायरांना हे चालत नाही). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरात आहे आणि तो बदलून मागता येतो. ओढ होती तिथेच राहिली, तर मग अलाइनमेंट.