पाणथळ आणि ओढ्यांना कायद्याचे संरक्षण कसे मिळवावे

पाणथळ जागा वाचवण्याची धडपड बहुतेक वेळा भरावाचा पहिला ट्रक येऊन रिकामा झाल्यावर सुरू होते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. कायदा सरसकट सगळ्या पाण्याचे रक्षण करत नाही; त्याच्या व्याख्येत बसणाऱ्या आणि सरकारी नकाशावर दाखवलेल्या पाण्याचेच करतो. म्हणून आपला ओढा किंवा आपली दलदल त्या व्याख्येत आणि त्या नकाशावर आणणे हे नागरिकांचे मुख्य काम आहे. निवेदने, सुनावण्या आणि खटले यांचे बळ त्यावरच अवलंबून असते.

सर्वप्रथम आपल्याला लागू होणाऱ्या कायद्याची व्याख्या शब्द न् शब्द वाचावी. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी झालेल्या 1971 च्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या उदार आहे: पाणी नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमचे असो वा हंगामी, वाहते असो वा साचलेले, गोडे असो वा खारे, ते पाणथळीत मोडते. भारताच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी हीच शब्दरचना घेतली, परंतु नदीपात्रे, भातखाचरे, तसेच पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती आणि मीठ उत्पादन यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे त्यातून वगळले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये सॅकेट खटल्यात संघराज्याच्या कायद्याची कक्षा आणखी आवळली. तुलनेने कायम वाहणाऱ्या पाण्याशी जिचा पृष्ठभागावर अखंड संबंध आहे, अशाच पाणथळीला 1972 च्या स्वच्छ जल कायद्याचे संरक्षण मिळेल असे ठरले. याउलट भारताचा 1974 चा जलप्रदूषण कायदा 'प्रवाह' या संज्ञेत वाहता किंवा त्या वेळेपुरता कोरडा असलेला जलमार्गही धरतो. उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्याची बाजू मांडणाऱ्या भारतीय नागरिकाला हा शब्दप्रयोग तोंडपाठ असावा, कारण 'हा ओढा नाहीच, हे तर पावसाचे वाहून जाणारे पाणी' हा युक्तिवाद त्याच्यासमोर हमखास येतो. थोडक्यात, एका कायद्याने दार लावले तर दुसऱ्याचे उघडे आहे का ते पाहावे. दलदलीसाठी पाणथळ नियम आणि ओढ्यासाठी प्रदूषणाचा कायदा असे दोन मार्ग एकाच वेळी धरण्यात काहीच वावगे नाही.

यानंतरचे काम नोंदींचे आहे आणि त्याला निदान एक पूर्ण वर्ष द्यावे. एकच जागा ठरवून, एकाच दिशेने, दर महिन्याला छायाचित्र घ्यावे. छायाचित्रावर तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटतील अशी सोय करावी. भर पावसातली सुंदर छायाचित्रे सगळेच काढतात, पण वाद कोरड्या महिन्यांबद्दल होतो. त्या महिन्यांत पाणी दिसत नसले तरी पाण्याच्या खुणा दिसतात. जागेच्या मालकाची परवानगी घेऊन वीतभर ते हातभर खोल खड्डा काढावा आणि मातीचा रंग पाहावा. वर्षातला बराच काळ पाण्याखाली राहिलेली माती राखाडी किंवा निळसर झाक घेते, आणि तिच्यात मुळांच्या वाटेने गंजासारखे तांबूस ठिपके व रेषा उमटतात. मुळांनी आत नेलेल्या प्राणवायूने तेथील लोह गंजते, म्हणून. शेजारच्या उंचवट्यावर तसाच खड्डा काढून दोन्ही मातींचे छायाचित्र एकत्र घेतले, तर फरक सांगावा लागत नाही. पाणकणीस, लव्हाळा यांसारख्या वनस्पती कोठवर वाढल्या आहेत याचीही नोंद ठेवावी. अमेरिकेतील लष्करी अभियंता दलाच्या 1987 च्या पुस्तिकेपासून वनस्पती, माती आणि पाणी या तीन कसोट्यांवरच पाणथळीची सीमा ठरवली जाते, आणि शिस्तीने काम करणाऱ्या सामान्य माणसालाही या तिन्हींच्या प्राथमिक नोंदी ठेवता येतात.

पुराची रेषा हा असाच दुर्लक्षित पुरावा आहे. 2017 च्या भारतीय नियमांनुसार, अधिसूचित, म्हणजे सरकारने अधिकृतपणे जाहीर केलेल्या, पाणथळीच्या (नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मोजलेल्या) मागील दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत, बोटींचे धक्के वगळता, कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. ही पातळी कोठे होती, हे दहा वर्षांनी कोण सांगणार? झाडाच्या खोडावर अडकलेला काडीकचरा आणि भिंतीवरची गाळाची रेघ पूर ओसरल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोजपट्टी लावून टिपली पाहिजे.

कागदोपत्री पुरावा जुन्या नकाशांपासून गोळा करावा. सर्वेक्षणाच्या नकाशांवरील निळ्या रेषा, जमिनीच्या जुन्या नोंदी आणि उपग्रहचित्रे एकमेकांशी ताडून पाहावीत. लँडसॅट उपग्रहमालिकेची 1972 पासूनची चित्रे उपलब्ध आहेत आणि 2008 पासून ती विनामूल्य मिळतात. भारतात उपग्रहचित्रांवरून 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांची यादी तयार झाली, आणि त्यांना तेव्हाच्या, 2010 च्या पाणथळ नियमांतील निर्बंधांची तत्त्वे लागू करावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये दिला. आपली जागा त्या यादीत आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल तर ती लहान म्हणून सुटली की चुकून, हा दुसरा. अशी माहिती मागण्याचा हक्क अनेक देशांत आहे: भारतात 2005 चा माहितीचा अधिकार कायदा, ज्यात उत्तराची सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे, युरोपात 1998 चा आर्हुस करार, लॅटिन अमेरिकेत 2018 चा एस्काझू करार. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असे लिहू नये. अमुक गटातील भरावाला दिलेल्या परवानगीची प्रत आणि त्यासोबतचा पाहणी अहवाल, इतके नेमके मागावे.

एका गोष्टीकडे चळवळीतील लोक फार सहज काणाडोळा करतात. पाणथळीवर कोणीतरी मासे धरते, गवत कापते, गुरे चारते, आणि लगतच्या जमिनीला मालकही असतो. अधिसूचना आली की आपल्याला हाकलून देतील अशी त्यांना भीती वाटली, तर सुनावणीत तेच आपल्या विरोधात उभे राहतील, आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही. रामसर करारातील 'सुज्ञ वापर' या तत्त्वात पारंपरिक उपजीविकेला जागा आहे. कोणते व्यवहार चालू राहतील हे त्यांच्याशी बसून ठरवावे आणि आपल्या मागणीतच लिहावे. कोणत्या वर्षी पाणी कुठवर चढले होते हेही बहुधा त्यांनाच माहीत असते.

आता निवेदनाबद्दल. एकच मजकूर छापून हजार सह्या गोळा केल्या, तरी फायलीत तो एकच मुद्दा ठरतो. दहा जणांनी आपापल्या निरीक्षणांवरून लिहिलेली दहा पत्रे अधिक जड पडतात, कारण प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर द्यावे लागते. 'पर्यावरणाची अपरिमित हानी होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' या वाक्यावर कोणताही अधिकारी काहीच करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'मसुद्याच्या नकाशात पाणथळीची पूर्व सीमा बांधापाशी थांबते. बांधाच्या पलीकडे पाणकणीस आणि राखाडी माती आढळते (छायाचित्रे 4 ते 9). ही सीमा पलीकडच्या उंचवट्यापर्यंत वाढवावी.' एका पत्रात एकच मागणी असावी, ती मान्य करण्याचा अधिकार असलेल्याच कार्यालयाला ते पत्र जावे, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. मसुदा अधिसूचनेवर हरकती मागवल्या असतील तर दिलेली मुदत काटेकोरपणे पाळावी. तोंडी सुनावणीत दोन-तीन मिनिटेच मिळतात, म्हणून भाषण न करता लेखी हरकतीचा क्रमांक सांगून त्यातील एकच ठळक मुद्दा मांडावा.

न्यायालयाचा मार्ग शेवटचा असला, तरी त्याचे घड्याळ आधीपासून चालू असते. भारताच्या 2010 च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यात पर्यावरणीय वादासाठी कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची, तर मंजुरीविरुद्धच्या अपिलासाठी 30 दिवसांची मुदत आहे. सबळ कारण दाखवल्यास दोन्हींत आणखी 60 दिवसांपर्यंत सूट मिळू शकते. अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्याखाली नागरिकाला दावा करण्यापूर्वी सर्वसाधारणपणे 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. भराव एकदा टाकला की निकाल बाजूने लागूनही जुनी दलदल क्वचितच परत येते, त्यामुळे स्थगितीची मागणी पहिल्याच अर्जात करावी. युक्तिवादाला आधार देणारे निकाल आहेत. बियास नदीचा प्रवाह वळवण्याच्या प्रकरणात 1996 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, सरकार नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व स्वीकारले.

मागणी मान्य होऊन अंतिम अधिसूचना निघाली, तर सत्काराची घाई न करता तिचे परिशिष्ट उघडावे. त्यातील प्रत्येक गट क्रमांक आणि सीमेवरील प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश आपल्या वहीतील नोंदींशी ताडावेत. एखादा गट गळलेला आढळला, तर त्याच आठवड्यात, छायाचित्रे जोडून, दुरुस्तीचा अर्ज द्यावा.