सहकाऱ्याचा त्रास आणि कायदा: तक्रार करताना या चुका टाळा

सहकाऱ्याने घाणेरडा शेरा मारला, नको तिथे हात लावला, रात्री-बेरात्री मेसेज पाठवले, की बाई आधी स्वतःचीच उलटतपासणी घेते. 'मीच जास्त मनाला लावून घेतेय का?' मग मैत्रिणीला सांगते, मग धीर करून साहेबांच्या कानावर घालते. साहेब म्हणतात, 'बघतो मी.' या सगळ्यात दोन-अडीच महिने सहज जातात, आणि कायद्याने दिलेली मुदत असते तीन महिन्यांची.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. २०१३ च्या कायद्याप्रमाणे, ज्याला ऑफिसांमध्ये पॉश म्हणतात, लैंगिक छळाची लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींच्या चौकशीसाठी ऑफिसातच नेमलेल्या समितीकडे, द्यायची असते. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचे. समिती ही मुदत जास्तीत जास्त आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यासाठी उशिराचे कारण तिला पटावे लागते. आजारपण असो, धमकी असो की वरिष्ठांनी थोपवून धरले असो, जे खरे असेल ते तक्रारीतच लिहा. तोंडी सांगितले म्हणजे तक्रार झाली असे समजू नका. एचआरशी बोलणे झाले असेल तर त्याच दिवशी ईमेल टाका: 'आज सकाळी मी आपल्याला पुढील गोष्टी सांगितल्या...' लिहिणे जमत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे.

मोघम तक्रार

'तो नेहमी वाईट वागतो' या वाक्यावर चौकशी उभी राहत नाही. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होते, नेमके काय घडले, असे लिहा. त्याने वापरलेले शब्द लिहायची लाज वाटते, हे अगदी समजण्यासारखे आहे. तरी ते जसेच्या तसे लिहा, कारण 'अश्लील बोलला' एवढ्यावरून समितीला काहीच ठरवता येत नाही. तक्रारीच्या सहा प्रती, सोबतची कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे असतात. एक प्रत सात कामकाजी दिवसांत त्याच्या हातात जाते, हे आधीच धरून चला.

चॅट पुसून टाकणे

किळस येते म्हणून अनेकजणी मेसेज डिलीट करून नंबर ब्लॉक करतात. ब्लॉक जरूर करा, पण आधी नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मूळ चॅट ठेवा आणि फोनही विकू नका. प्रकरण कोर्टात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

साक्षीदार नाही म्हणून गप्प बसू नका. असे प्रकार चारचौघांत क्वचितच होतात. त्याच दिवशी बहिणीला पाठवलेला मेसेज, त्यानंतर बदलून मागितलेली शिफ्ट, या गोष्टीही बोलतात. आणि 'सिद्ध झाले नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल' अशी भीती कोणी घातली तर पॉश कायद्याचे कलम १४ दाखवा. केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिले आहे. कारवाई होते ती जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास किंवा बनावट कागद दिल्यास.

चुकीचे दार

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. नसेल तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी लोक असतील, किंवा त्रास देणारा मालकच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. कंत्राटी, प्रशिक्षणार्थी, घरकाम करणाऱ्या, सगळ्यांना हा कायदा लागू आहे.

मात्र तो फक्त महिलांच्या आणि फक्त लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे. पुरुष कर्मचाऱ्याला, किंवा नुसत्या अपमानाला आणि अडवणुकीला, या समितीकडे वाट नाही. दादागिरीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, ही मला मोठी उणीव वाटते. तिथे कंपनीच्या सेवा नियमांखाली लेखी तक्रार करा. मारहाण किंवा धमकी असेल तर पोलिसांत जा.

समिती की पोलीस?

दोन्ही. एक निवडले म्हणून दुसरे बंद होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम ७५ आहे आणि पाठलागासाठी ७८. हद्दीचे कारण सांगून पोलीस परत पाठवू शकत नाहीत. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तुम्ही गुन्हा नोंदवायचे ठरवलेत तर त्यासाठी मदत करणे मालकावर बंधनकारक आहे.

घाईत राजीनामा

याचे मला सगळ्यात वाईट वाटते. बाई नोकरी सोडते, तो तिथेच राहतो, आणि राजीनाम्यात लिहिलेले असते 'वैयक्तिक कारणास्तव'. त्याआधी समितीकडे लेखी अंतरिम दिलासा, म्हणजे चौकशी चालू असेपर्यंतची सोय, मागा: त्याची किंवा तुमची बदली, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, तुमच्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये. हे आपोआप मिळत नाही, मागावेच लागते. राजीनामा देऊन झाला असेल तरी मुदतीत तक्रार करता येते.

'मिटवून टाका' म्हणणारेही भेटतील. समेट फक्त तुम्ही मागितला तरच होऊ शकतो, पैशांच्या बदल्यात कधीच नाही, आणि एकदा सही केली की पुढे चौकशी होत नाही. सोशल मीडियावर नावे टाकू नका. तक्रारीचा तपशील आणि दोन्ही बाजूंची ओळख गुप्त ठेवणे कायद्याने सक्तीचे आहे.

समितीसमोर वकील चालत नाही, पण तक्रार लिहिताना सल्ला घेता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते; हेल्पलाइन १५१००.

चौकशी ९० दिवसांत संपायला हवी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत मालकाची कारवाई. अहवालाची प्रत तुमचा हक्क आहे, मागून घ्या. निष्कर्ष पटला नाही तर अपिलासाठी ९० दिवस असतात, आणि तेही समितीच्या शिफारशींच्या तारखेपासून मोजले जातात.