पोरगं खेळतं छान, पण पुढे जाईल का? तरुण बास्केटबॉलपटू कसा पारखावा

२००३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, लेब्रॉन जेम्सच्या पाठोपाठ, दुसऱ्या क्रमांकावर, डेट्रॉइट पिस्टन्सने डार्को मिलिचिच या अठरा वर्षांच्या सर्बियन मुलाला निवडलं. सात फूट उंची, डावखुरा, पायांत चपळाई, लांबूनही नेम बरा. रिकाम्या जिममध्ये त्याचा एकट्याचा खेळ पाहून भल्याभल्यांचे डोळे दिपले होते. त्याच्यानंतर लागोपाठ निवडले गेले कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड. या तिघांनी पुढे काय केलं ते बास्केटबॉल पाहणाऱ्याला सांगायला नको. डार्को मात्र या संघातून त्या संघात फिरत राहिला आणि शेवटी सर्बियात परतून फळबागा करू लागला. पुढे मुलाखतींत त्याने मोकळेपणाने कबूल केलं की दुसऱ्या क्रमांकावर निवड झाली म्हणजे आपल्याला देवानेच पाठवलंय, अशा थाटात तो वागला आणि जुळवून घेणं त्याला जमलंच नाही.

त्याला निवडणारे लोक खेळ न समजणारे नव्हते. त्यांनी अंगकाठी पाहिली, कसब पाहिलं. पण मनासारखं घडत नसताना मुलगा काय करतो, हे रिकाम्या जिममध्ये दिसत नाही. चौदा ते एकोणीस वयाच्या खेळाडूला पारखायचं असेल, मग तुम्ही कोच असा, क्रीडाशिक्षक असा किंवा पालक, तर सगळी मेहनत याच एका गोष्टीसाठी करायची आहे. ती कशी करायची, ते क्रमाने सांगतो.

आधी वय आणि वाढ नीट समजून घ्या

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि चौदाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार मोठा फरक. मुलांची उंची सर्वात झपाट्याने वाढते ती साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी, मुलींची त्याच्या सुमारे दोन वर्षं आधी. काही मुलं यात लवकर वाढून जातात. चौदा वर्षांखालच्या गटात रिंगखाली सगळ्यांना ढकलून रिबाउंड (हुकून परतलेला बॉल) काढणारा मुलगा अनेकदा नुसता आधी वाढलेला असतो. एकोणिसाव्या वर्षी बाकीचे त्याच्या खांद्याला आले की त्याच्याकडे दुसरं काहीच उरत नाही. म्हणून जन्मतारीख विचारा, दाखला पाहा, आणि गेल्या वर्षभरात उंची किती वाढली तेही विचारा.

पुढची उंची ढोबळपणे काढायची एक जुनी रीत आहे. आई आणि वडील यांच्या उंचीची सेंटिमीटरमधली बेरीज करा, मुलगा असेल तर तीत १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि निम्मं करा. उत्तर आठ-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं, तेव्हा त्यावर कुणाचं भवितव्य ठरवू नका. हातांची लांबीही मोजा. सर्वसाधारण माणसाचे पसरलेले दोन्ही हात त्याच्या उंचीएवढे भरतात. एनबीएतल्या खेळाडूंचे सरासरी सहा टक्क्यांनी जास्त भरतात. एनबीएतला ड्रेमंड ग्रीन साडेसहा फुटांच्या आसपास, पण त्याचे पसरलेले हात सात फुटांच्या वर जातात. २०१२ मध्ये तो थेट पस्तिसाव्या क्रमांकावर निवडला गेला, आणि पुढे स्वतःपेक्षा अर्ध्या फुटाने उंच सेंटरना, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या खेळाडूंना, अडवत राहिला.

उशिरा वाढणाऱ्याला तर विशेष जपा. पुढे एनबीएत गाजलेला अँथनी डेव्हिस शाळेत सहा फूट दोन-तीन इंचांचा गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब बॉल हाताळणारा खेळाडू, होता. मग तो सात-आठ इंच वाढला, पण गार्डचा ड्रिबल आणि नजर तशीच राहिली. बुटका आहे म्हणून त्याला कुणी संघाबाहेर बसवलं असतं तर?

ताकदीच्या आकड्यांना मी फार किंमत देत नाही. २००७ मध्ये ड्राफ्टपूर्व चाचणीत केविन ड्युरंटला १८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८४ किलोंचा बार एकदाही उचलता आला नव्हता. ताकद कमावता येते.

सामना पाहा, पण बॉल पाहू नका

निदान तीन सामने पाहा, त्यातला एक तरी हरणारा. पहिल्या सामन्यात डोळे फक्त त्या एका खेळाडूवर ठेवा, बॉल कुठेही असो. हे वाटतं तेवढं सोपं नाही, कारण नजर आपोआप बॉलमागे जाते. पण एक खेळाडू चाळीस मिनिटं कोर्टवर असला तरी त्यातली थोडीच मिनिटं बॉल त्याच्या हातात असतो. उरलेल्या वेळात तो काय करतो, यावरून त्याची खेळाची ओढ कळते.

एका आंतरशालेय सामन्यात पाहिलेली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ रचणारी, तब्येतीने किरकोळ. मधल्या वर्तुळापाशी तिचा पास कापला गेला आणि समोरची मुलगी मोकळी ले-अपला, म्हणजे रिंगखाली जाऊन बॉल टाकायला, निघाली. आता बहुतेक मुलं काय करतात? दोन्ही हात वर करून रेफरीकडे बघतात, किंवा ज्या मैत्रिणीला पास द्यायचा होता तिच्याकडे डोळे वटारतात. ही वळली आणि धावत सुटली. गाठू शकली नाही, बास्केट झालीच. पण नेटमधून पडलेला बॉल तिनेच उचलला, रेषेबाहेर उभ्या सहकारी मुलीच्या हातात दिला आणि इनबाउंड (रेषेबाहेरून आत येणारा पास) घ्यायला लगेच मोकळी झाली. थोड्या वेळाने कोचने तिला बाहेर घेतलं. बाटली उचलण्याआधी ती आत जाणाऱ्या मुलीशी बोलली, हातवारे करून सांगितलं की नऊ नंबरची फक्त उजवीकडूनच घुसते. त्या सामन्यात तिचे गुण नगण्य होते. माझ्या वहीत त्या दिवशी सर्वात वरचं नाव तिचं होतं.

वहीत एवढं टिपा. चूक झाल्यावर पुढचे तीन सेकंद तो काय करतो. शॉट उडाला की अंगाने अंग अडवून बॉक्स आउट करतो की मान वर करून नुसता बघतो. डिफेन्सला परतताना पळतो की चालतो, आणि चौथ्या क्वार्टरमध्येही तसाच पळतो का. बेंचवर बसला की नजर कोर्टवर असते की प्रेक्षकांत. टाइमआउटमध्ये कोच दुसऱ्याला सांगत असतानाही ऐकतो का. तिन्ही सामन्यांत हे सारखंच दिसलं तर तो त्याचा स्वभाव समजा. एकदाच दिसलं तर त्या दिवशी मूड बरा होता एवढंच.

आकडे कुठले बघायचे

शालेय पातळीवर गुणांचे आकडे फसवतात, कारण दुबळ्या संघाविरुद्ध कुणीही तीस गुण काढतो. मी दोन गोष्टी बघतो. एक, फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट. तिथे समोर कुणी नसतं, अंतर कधी बदलत नाही, म्हणून हाताचं खरं वळण तिथे कळतं. कवाय लेनर्ड सॅन दिएगो स्टेट या अमेरिकन विद्यापीठात असताना त्याचे लांबचे तीन गुणांचे शॉट शंभरात तीससुद्धा पडत नव्हते, पण फ्री थ्रो शंभरात पंचाहत्तरच्या आसपास पडत. २०११ च्या ड्राफ्टमध्ये तो पंधराव्या क्रमांकावर गेला, त्याच रात्री अदलाबदलीत सॅन अँटोनिओ स्पर्सकडे आला. तिथे चिप एंगेलँड या शूटिंग कोचने त्याच्या शॉटची ठेवण बदलली. पहिल्याच हंगामात तीन गुणांचे शॉट शंभरात सदतीसहून जास्त पडू लागले. तीन वर्षांनी तो फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हात चांगला होता, आणि तो बदलू द्यायची तयारीही होती. दोन्ही लागतं.

हे तुम्ही ग्राउंडवर स्वतः तपासू शकता. ताज्या दमाने दहा फ्री थ्रो टाकायला लावा. मग कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच फेऱ्या जोरात पळवा आणि धाप लागलेली असताना पुन्हा दहा. किती पडले त्यापेक्षा दुसऱ्या खेपेला तो श्वास सावरून आपली नेहमीची पद्धत पाळतो की कसातरी उरकतो, ते बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे बास्केट घडवणारे पास आणि टर्नओव्हर (बॉल गमावणं) यांचं प्रमाण. बास्केट होण्याआधी दोन पावलं पुढचं दिसणं फार थोड्यांकडे असतं आणि ते शिकवून फारसं येत नाही. सर्बियाच्या निकोला योकिचला उडी मारता येत नाही, पोरगं जाड आहे, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्याच्या एजंटने, मिश्को राझ्नातोविचने, त्याला हेरलं ते वर्तमानपत्रात छापलेले ज्युनियर सामन्यांचे आकडे वाचून. २०१४ मध्ये तो एकेचाळिसावा निवडला गेला. आज त्याच्याकडे तीन एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार, आहेत.

ओढ तपासताना चेहऱ्यावर जाऊ नका

छाती ठोकणारा, ओरडणारा, बोर्डवर ‘एनबीए’ लिहून ठेवणारा मुलगा जिद्दी, आणि शांत मुलगा थंड, असा समज आपल्याकडे फार आहे. योकिच या समजात कुठेच बसत नाही. २०२३ मध्ये त्याच्या डेन्व्हर संघाला अजिंक्यपद मिळालं तेव्हा तो म्हणाला, काम झालं, आता घरी जाऊया. विजययात्रा गुरुवारी आहे म्हटल्यावर हिरमुसला, कारण सर्बियात त्याच्या घोड्याची शर्यत होती. तरीही दरवर्षी तो हंगामात उतरतो तेव्हा खेळात काही ना काही नवं घेऊन येतो.

त्यामुळे ‘तुझं स्वप्न काय?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर पाठ असतं. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात नवीन काय शिकलास? कुठला बचावपटू तुला जड गेला आणि का? कोचचं कुठलं म्हणणं तुला पटत नाही? पहिल्या प्रश्नाला ‘डावा हात’ असं उत्तर आलं तर लगेच म्हणा, दाखव. खरोखर मेहनत करणारी मुलं इथे खुलतात आणि बारीकसारीक सांगत सुटतात.

घरच्यांशी बोला, पण मुलासमोर नाही. सकाळी प्रॅक्टिसला त्याला उठवतं कोण? हा माझा सर्वात लाडका प्रश्न. बूट, आहार, प्रवास, सगळं बाबा बघतात आणि मुलगा मागून येतो, असं असेल तर ती ओढ बाबांची आहे. शक्य असेल तर बाबा बाहेरगावी असतानाच्या आठवड्यात प्रॅक्टिसला चक्कर मारा.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. पोरगं ढेपाळलंय असं दिसलं तर लगेच ‘जिद्द नाही’ असा शिक्का मारू नका. गुडघ्याखाली दुखणं झपाट्याने उंची वाढणाऱ्या मुलांत नेहमीचं आहे. रक्तातलं लोह कमी असलेल्या मुलीही शेवटच्या क्वार्टरमध्ये गळतात. दहावीचं वर्ष, घरची ओढाताण, अर्धपोटी सकाळची प्रॅक्टिस, हेही असतं. आधी कारण शोधा.

सहा महिन्यांनी परत जा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वात महत्त्वाची. पहिल्या भेटीत खेळाडूला एकच कमतरता सांगा. एकच, आणि मोजता येईल अशी: डाव्या हाताने ले-अप, किंवा कोपऱ्यातला तीन गुणांचा शॉट, किंवा बचावात पाय न उचलता सरकणं. तारखेसह लिहून ठेवा, जमलं तर मोबाइलवर चित्रीकरण करा. मग मध्ये फोन करू नका, आठवण देऊ नका. सहा महिन्यांनी जा आणि तेच पाहा.

तीन प्रकार दिसतील. काहींमध्ये काहीच बदललेलं नसतं. काहींचं प्रॅक्टिसमध्ये सुधारलेलं असतं, पण सामन्यात ते उजव्या हातावरच येतात. यांना वेळ द्या, हे वाटेवर आहेत. आणि थोडे असे भेटतात जे सामन्यात मुद्दाम डावीकडून घुसतात, दोनदा चुकतात, तरी तिसऱ्यांदा जातात. ज्याने सगळ्यांसमोर चुकायची तयारी ठेवली, त्याच्यामागे उभं राहायला मी एका पायावर तयार असतो, मग त्याची आजची पातळी काहीही असो.

‘पुढे’ म्हणजे कुठे, ते ठरवा

सत्नाम सिंग भामरा हा पंजाबातल्या बल्लो के गावचा मुलगा लुधियानाच्या अकादमीतून चौदाव्या वर्षी फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला पहिलाच. सात फूट दोन इंच उंची होती, कष्टही होते. पण त्याच काळात एनबीएचा खेळ वेगाकडे आणि लांबच्या शॉटकडे वळला, रिंगखाली उभ्या राहणाऱ्या जड सेंटरची जागा आक्रसत गेली, आणि मुख्य लीगमध्ये त्याला एकही सामना मिळाला नाही. म्हणून मुलगा आज ज्या जागी खेळतो तिथेच त्याला मोजू नका. रिंगपासून दोन जागा जास्त बाहेर, जास्त वेगात, त्याचे पाय आणि हात चालतील का, ते बघा.

आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींसाठी व्यावसायिक म्हणजे रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांसारखे संघ, किंवा शासकीय नोकरीतलं खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण. त्यासाठी कुठल्या स्पर्धेतलं कुठलं स्थान धरलं जातं, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आधीच विचारून घ्या आणि प्रमाणपत्रांची पडताळणी वेळच्या वेळी करा. अमेरिकेतल्या कॉलेजची शिष्यवृत्ती डोक्यात असेल तर नववी ते बारावीच्या गुणपत्रिका मोजल्या जातात. एनसीएए या तिथल्या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या पहिल्या श्रेणीला सोळा मुख्य विषय-अभ्यासक्रम लागतात. बारावीनंतर जाग येऊन उपयोग नसतो. तेव्हा नववीच्या सुरुवातीलाच मुलगा, आई-वडील, कोच आणि वर्गशिक्षक यांना एकत्र बसवा, तुमची वही उघडा, दोन्ही भेटींच्या नोंदी सगळ्यांसमोर वाचा, आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी सुधारायची एक गोष्ट मुलाला स्वतःलाच निवडू द्या.